दुसरी फेरी: सीमाभागात संस्थेसाठी निधी उभारायला निघालेल्यांना

बेळगावात वर्गणी मागायला कुणाला शिकवावं लागत नाही. शाळकरी पोरंसुद्धा पावतीबुक काखेत मारून गल्लीभर फिरतात. घरटी आकडा ठरलेला असतो, दुकानाचा आकडा दुकान बघून ठरतो, आणि विसर्जनाची मिरवणूक संपली की विषय संपला. म्हणूनच आमच्या संस्थेत निधीच्या कामाला येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या दिवशी म्हणतो, "त्यात काय, वर्गणीच की." मीही तेच म्हणाले होते.

पहिल्या वर्षी मी खूप पावत्या फाडल्या. दुसऱ्या वर्षी त्याच घरांत गेले, तर अर्ध्याहून जास्त लोकांनी दारातूनच परत पाठवलं. एका काकींनी तोंडावर विचारलं, "गेल्या साली दिलेल्याचं काय झालं ते सांगायला आली नाहीस, आता मागायला बरी आलीस?" गणपती सगळ्यांना दिसतो, त्यामुळे मंडळाला सांगायला जावं लागत नाही. आपलं काम खानापूरच्या जंगलातल्या एखाद्या वाडीत, तहसील कचेरीतल्या एखाद्या फायलीत चाललेलं असतं. देणाऱ्याला ते दिसत नाही. ते दाखवायला परत जाणं, हाच या नोकरीचा मोठा भाग आहे. पैसे मागायची फेरी पहिली. जिच्यावर संस्था चालते ती दुसरी.

पर्यावरण आणि सामाजिक न्यायाचं काम करणाऱ्या संस्थेत, बेळगाव-खानापूर-निपाणी-चिकोडी या पट्ट्यात, निधी उभारणीला नव्यानं लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिला महिना: काही मागू नका

पहिला महिना फिरण्यात घालवा. खानापूरहून पश्चिमेला जाणारी एसटी पकडा. कर्नाटकात तिला सगळे बसच म्हणतात, पण आमच्या तोंडून एसटी सुटत नाही. वाडीवरच्या कार्यकर्त्याबरोबर दोन रात्री राहा. नंतर ऑफिसात बसून मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट वाचा. समजले नाहीत तर हिशेब बघणाऱ्याला विचारा. लाजू नका, तो कुणी विचारायची वाटच बघत असतो.

मग एक वही घ्या आणि संस्थेच्या एकाच कामाचा खर्च तळापासून मांडा. मी पहिला खर्च मांडला तो वनहक्काच्या दाव्याचा. कायदा २००६ चा. जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण त्या जंगलात आहोत हे दाखवावं लागतं. आपल्याकडच्या गवळी-धनगरांना हाच रस्ता आहे. म्हणजे पुरावा लागतो १९३० च्या आसपासचा. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. जुना कागद सापडलाच तर मराठीत, कधी मोडीत, कधी इंग्रजीत. आज ज्या कचेरीत तो द्यायचा तिथलं कामकाज कन्नडमध्ये. म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, पण एकाच पुराव्यावर भागत नाही, दुसरा जोडावा लागतो.

आता मांडा: अभिलेखातून नकला काढायच्या, मोडी वाचणारा शोधायचा, कन्नड भाषांतर करून घ्यायचं, ग्रामसभा भरवायची, नकाशा काढायचा, म्हाताऱ्यांना जीपमधून आणायचं आणि परत सोडायचं, शंभरदा झेरॉक्स काढायची. ही यादी ज्याला पाठ आहे, त्याला "आम्ही वंचितांसाठी काम करतो" असलं वाक्य कधी म्हणावं लागत नाही. तो सरळ म्हणतो, "काका, एका वाडीच्या दाव्याला एवढा खर्च येतो. त्यातला मोडी वाचण्याचा आणि भाषांतराचा तुम्ही उचला." शहापुरातले एक निवृत्त गुरुजी हे ऐकून म्हणाले, "पैसे कशाला, मोडी मीच वाचतो की." चार वर्षं वाचत होते.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथं चूक झाली तर दंड संस्थेला बसतो आणि बोलणी तुम्हाला.

संस्था बहुधा कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली नोंदलेली असेल. कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद दरवर्षी निबंधकाकडे जातो की नाही ते बघा. मागची वर्षं तुंबलेली असतील तर कुठल्याही मोठ्या देणगीदाराकडे जाण्याआधी ती निस्तरा. आयकराची नोंदणी दोन प्रकारची. पहिली १२एबी, संस्थेच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून. दुसरी ८०जी, देणाऱ्याला सवलत मिळावी म्हणून. पूर्वी ही एकदा मिळाली की झालं, असं असायचं. २०२१ पासून ठरावीक मुदतीनं, साधारण पाच वर्षांनी, नूतनीकरण लागतं. तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

बाजारपेठेतला प्रत्येक व्यापारी पहिल्यांदा विचारतो, "एटीजी हाय काय?" हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी माहीत हव्यात. आपल्यासारख्या संस्थेला दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर सवलत मिळते, तीही मर्यादेत. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला धरत नाहीत, धान्य किंवा वस्तू तर नाहीच नाही. आणि ज्यानं नवी करपद्धत घेतली आहे त्याला ही सवलत मिळतच नाही. नोकरदार तरुणांतले बरेचसे आता नव्या पद्धतीत असतात. त्यांना सवलतीचं गाजर दाखवून मागितलंत आणि जुलैत विवरणपत्र भरताना त्यांना खरं कळलं, तर तो माणूस गेला.

पावतीवर नाव, पत्ता, पॅन लिहून घ्या. वर्षाच्या देणग्यांचं विवरण, ज्याला सगळे टेनबीडी म्हणतात, ३१ मेपर्यंत भरायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यावरून निघणारं प्रमाणपत्र देणगीदाराला पोचवायचं. आमच्याकडे एका वर्षी पॅनचे आकडे पावतीवर गिचमिड लिहिलेले होते. मे महिन्याच्या उन्हात मी वडगाव, अनगोळ, टिळकवाडी दारोदार फिरले, फक्त दहा अक्षरं वाचून घ्यायला. आता पावती फाडतानाच मोठ्यानं वाचून दाखवते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा छापील पावत्यांवर काय लिहायचं ते सीएला विचारूनच नवी बुकं छापा. व्यापारी मात्र आणखी वीस वर्षं एटीजीच म्हणणार.

लोकांचे पॅन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हे सांगावं लागतं, कारण सगळे टाकतात.

गोव्याचा भाचा, दुबईचा मुलगा

आपल्या भागात घरटी एक माणूस बाहेर आहे. परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, म्हणून आपल्याला जरा जास्तच जवळचा. नोंदणी नसेल तर परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. नोंदणी सहज मिळत नाही. संस्था तीन वर्षांची हवी, तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. मिळाली तरी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच येतो. २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि एका संस्थेनं दुसरीला परदेशी पैसा देणं बंद केलं. पूर्वी बंगळूर-पुण्याच्या मोठ्या संस्थांकडून आमच्यासारख्या लहान संस्थांना पैसा झिरपायचा. तो झरा तिथंच आटला.

फसगत कुठं होते? दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो. ते परदेशी धरत नाहीत. आणि म्हापशाचा भाचा, पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेलेला, गणपतीला मामाकडे खानापूरला येतो आणि खिशातले हजार रुपये तुमच्या हातात ठेवतो. ते परदेशी! चलन कुठलं, हात कुठे पुढे केला याला अर्थ नाही, नागरिकत्व बघतात. गोव्यातल्या लोकांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेणं आपल्याला नवं नाही, त्यामुळे हा प्रसंग येतोच. मी विचारते, "दादा, पासपोर्ट कुठला?" राग येत नाही कुणाला. उलट मामा कौतुकानं सांगतो. मग भाच्याला म्हणायचं, पैसे नकोत, चला वाडी दाखवते.

कोणाकडे, कधी

नवखा माणूस थेट मोठ्या कंपनीचं नाव घेतो. तुम्ही ओळखीतून सुरुवात करा. शाळेतले शिक्षक, घरचे डॉक्टर, पतसंस्थेचे चेअरमन, उद्यमबागेत फौंड्री असलेला मित्राचा भाऊ, शहापूर-वडगावातले विणकर, महिला मंडळं, भिशीचे ग्रुप, आणि पुण्या-मुंबईला, बंगळूरला गेलेली बेळगावची मंडळी. शेवटच्यांना गावाची ओढ असते, पण ती कुंद्याच्या डब्याइतकीच टिकते. फोनवर पकडायचं तर सुट्टीवरून परत गेल्याच्या पहिल्या आठवड्यात.

वेळ बघा. श्रावणापासून गणपतीपर्यंत जाऊ नका, तेव्हा मंडळांची पोरं दारात असतात आणि तुम्ही सातवे ठरता. दसऱ्याच्या आसपास बरं. २ ते ८ ऑक्टोबर देशभर दान उत्सव म्हणून पाळतात, त्या निमित्तानं शाळा-कॉलेजं दार उघडतात. शेतकऱ्याकडे भात कापून झाल्यावर, ऊसवाल्याकडे बिल जमा झाल्यावर. बिल कधी जमा होईल ते तुम्ही, मी आणि तो शेतकरी, तिघांनाही ठाऊक नसतं, म्हणून आधी फोन करावा. मार्चमध्ये जुन्या करपद्धतीतले डॉक्टर आणि व्यापारी.

गावात लोक पैशापेक्षा तांदूळ चटकन देतात. घ्या. बेळगाव बासमतीचा वास असलेलं पोतं ऑफिसात आलं की शिबिराचं जेवण सुटतं. पण तेही वहीत चढवा आणि पावती द्या, कारण पुढच्या वर्षी "माझं पोतं कुणी खाल्लं?" असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे.

आकडा सांगणं

"तुमच्या इच्छेनं काय ते द्या." हे वाक्य तोंडातून काढू नका. समोरचा अडचणीत येतो. कमी दिलं तर लाज, जास्त दिलं तर घरात बोलणं. शेवटी तो गणपतीच्या वर्गणीचा आकडा देऊन मोकळा होतो. घरचा चहा होऊ द्या, काम सांगा, आणि कामाशी जोडलेला आकडा सांगा. सांगून झाल्यावर गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. आमच्या एका नव्या मुलानं आकडा सांगितला, समोरचे दोन मिनिटं बोलले नाहीत, तर यानं स्वतःच तो निम्म्यावर आणला. गृहस्थ नंतर मला म्हणाले, "मी द्यायचंच म्हणून बघूलो होतो की ओ, कुठल्या खात्यातनं द्यावं याचा विचार करूलो होतो."

दरमहा देणाऱ्यांची फळी उभी करा. महिना २०० रुपये देणारे ५० लोक म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. यूपीआय ऑटोपेनं ते आपोआप येतात. रक्कम लहान वाटते, पण कुठल्याही अटीशिवाय येते. प्रकल्पाचा पैसा विजेच्या बिलाला चालत नाही, हा चालतो. तीन महिन्यांनी बँकेचं खातं बदललं, फोन बदलला म्हणून हप्ता तुटतो, तेव्हा यादी महिन्याच्या महिन्याला तपासून फोन करणं तुमचंच काम.

"पगारात किती जातं?" हे विचारणारच. खरा आकडा सांगा. वाडीवर राहणारी कार्यकर्ती हेच आमचं काम आहे, तिचा पगार बाजूला काढला तर उरतं काय, असं मी विचारते. आणि हो, तुमचा पगार ठरलेला असावा, जमवलेल्या रकमेवर टक्केवारी घेऊ नका. टक्केवारीवरचा माणूस मोठी पावती फाडतो आणि लहान घरात परत जात नाही.

कंपनीचा पैसा

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर घालायचे, यालाच सीएसआर म्हणतात. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा, हा २०२१ पासूनचा नियम. आता उद्यमबागेतली बहुतेक युनिटं या रेषेच्या खाली आहेत. तिथं सीएसआर म्हणत गेलात तर मालक हसतो. तिथं मालकाकडे माणूस म्हणून जा. मोठ्या कंपन्यांचा निर्णय बंगळूर-मुंबईत होतो आणि पुढच्या वर्षाचा आराखडा मार्चच्या आधीच ठरतो. एप्रिलमध्ये गेलात की उरलेलं तुकडं मिळतं.

कंपनीला मोजता येईल असं काम आवडतं. सगळ्यात आवडती रोपं. रोपं, फलक, टोप्या, फोटो. खानापूरच्या पश्चिमेला, जिथं पाऊस कोसळतो आणि मोकळं सोडलं तर रान आपणहून उठतं, तिथं दहा हजार रोपं लावायचे पैसे आम्हाला दोनदा देऊ केले. आम्ही म्हटलं, रोपं नकोत, वणवा विझवणाऱ्या गटांना बूट आणि बॅटऱ्या द्या. एकानं दिल्या. दुसऱ्यानं रोपं लावायला दुसरी संस्था शोधली.

आणि नको म्हणायचा पैसा. हे आधी ठरवा, लेखी ठरवा, कार्यकारिणीच्या सहीनं. चेक टेबलावर आल्यावर ठरवायला बसलं की तत्त्वं बारीक होतात. एका कारखान्यानं आम्हाला एका गावात पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवायला पैसे देऊ केले. त्या गावचा ओढा ज्यांच्यामुळे काळा झाला, असं गावकरी म्हणत होते, ते हेच. आम्ही नको म्हटलं. त्या वर्षी आमचे दोन महिन्यांचे पगार लांबले, माझाही. गावातल्या एका आक्कांनी विचारलं, "तुमचं तत्त्व बरं हाय, पर पानी?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ग्रामपंचायतीकडून यंत्र बसायला पुढं दीड वर्ष गेलं. आजही तोच निर्णय घेईन असं वाटतं, पण आक्कांना विचारून मग घेईन.

म्हादईचा विषय निघाला की

निघणारच. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. त्याच डोंगरातून म्हादई पश्चिमेला गोव्याकडे जाते. कळसा-भांडुरा योजनेत म्हादईच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं आहे. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादानं १४ ऑगस्ट २०१८ ला कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं ३.९ या योजनेसाठी. गोव्यात गेलात तर लोक विचारतात, "तुम्ही विरोधातच ना?" धारवाड-नरगुंदकडे गेलात तर तिथला शेतकरी वर्षानुवर्षं याच पाण्यासाठी रस्त्यावर बसलेला असतो.

इथं मोठा मोह आहे. पणजीत योजनेला शिव्या घातल्या तर पैसा सोपा. हुबळीत योजनेचं नावच काढलं नाही तर पैसा सोपा. दोन्हीकडे दोन तोंडांनी बोललात तर एक ना एक दिवस दोघं एकाच लग्नात भेटतात. आपली माणसं कुठं कुठं पसरली आहेत ते विसरू नका. एकच छापील कागद ठेवा, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, मजकूर तोच: आमची चिंता कणकुंबी-भीमगडचं जंगल आणि तिथल्या वाड्या. सौंदत्ती-रामदुर्गच्या शेतकऱ्याची तहान खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या नदीचा उगमही याच जंगलात आहे. हा कागद वाचून गोव्यातल्या एकानं पैसे दिले नाहीत, नवलगुंदच्या एकानं दिले. उलटही झालं असतं.

भाषेचंही असंच. मराठी देणगीदार हळूच विचारतो, "आपल्याच लोकांसाठी ना?" कन्नड अधिकारी हळूच विचारतो, "नीवु समितीवरा?", म्हणजे तुम्ही महाराष्ट्र एकीकरण समितीचे का? दोघांनाही मी वाड्यांची नावं सांगते. वाडी मराठी आहे, तिच्या खालचं खोरं कन्नड आहे, बैठकीला बसणारे दोन्ही आहेत. पावती तीन भाषांत छापा. आणि कन्नड शिका, निदान वाचायला. खात्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस या कामात लंगडा असतो. बोलताना बेळगाव म्हणा, अर्जावर बेळगावी लिहा. २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे आणि अर्ज परत यायला एवढं कारण पुरतं.

फोटो

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. पत्रकासाठी एक सुंदर फोटो मिळाला: पहाटेच्या धुक्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई. छापला, खाली वाडीचं नाव टाकलं. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, १९० चौरस किलोमीटरचं. अभयारण्यातून मोळी आणणारी बाई, नावगावासह, हजार प्रतींत. आठवड्याभरात त्या वाडीत चौकशीला माणूस गेला. तिला काही झालं नाही, पण तिनं पुढं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. कार्यकर्ते नुसते बघत राहिले, बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून: फोटोतल्या माणसाला छापायच्या आधी छापील कागद दाखवायचा, त्याच्या भाषेत वाचून. नुसतं "फोटो काढू?" पुरत नाही, कारण तो कुठं जाणार हे तिला कळत नाही. जिथं दावा चालू आहे तिथं वाडीचं नाव नाही. मुलांचे चेहरे नाहीत. रडणारं कुणी नाही. वटवाघळाचा फोटो बिनधास्त वापरा. बारापेडे गुहेतल्या व्रॉटनच्या दुर्मीळ वटवाघळावर शहरी देणगीदार खूश होतात. खरं सांगायचं तर वटवाघळाला गवळ्यापेक्षा लवकर पैसे मिळतात, आणि याचा मला राग येतो. पण मी वटवाघळापासून सुरू करते आणि गवळ्यापाशी येते.

दुसरी फेरी

पैसे आल्यापासून दोन दिवसांत फोन. मेसेज नव्हे, फोन. पावती आठवड्यात. सहा महिन्यांनी एक पानी पत्र: तुम्ही दिलेल्यातून काय झालं, काय झालं नाही. "झालं नाही" हा भाग नवखे गाळतात. मी एका वर्षी लिहिलं, दावा फेटाळला, आम्ही वर अपील केलं आहे, आणखी वर्ष जाईल. वाटलं, आता कोण देणार? त्या पत्रावर सगळ्यात जास्त फोन आले. न्यायाची कामं लांबतात हे बेळगावकराला वेगळं सांगावं लागत नाही, आपला सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

मग घरी जायचं, न मागता. हातात काही न्यायचं तर वाडीवरचा मध, विकत घेतलेला. वर्षातून एकदा दहाबारा जणांना वाडीवर न्या. पावसाळ्यात नको, जळवांनी देणगीदार कमी होतात.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची गावं पाण्याखाली गेली तेव्हा न मागता पैसे आले. लोकांनी ब्लँकेटं, औषधं, रोख, सगळं आणून टाकलं. महिन्यात ओघ थांबला, घरं मात्र तेव्हाच बांधायला घ्यायची होती. शिवाय मदतीसाठी आलेला पैसा दुसऱ्या कशाला वापरता येत नव्हता, आणि आम्ही आवाहनात नुसतं "पूरग्रस्तांच्या तातडीच्या मदतीसाठी" लिहिलेलं. आता आवाहनाच्या तळाशी एक ओळ असते: उरलेली रक्कम याच गावांच्या पुढच्या उभारणीला वापरली जाईल. आणि पुरात दिलेल्यांची यादी वेगळी ठेवून त्यांना दिवाळीनंतर परत फोन करतो. त्या वर्षीच्या यादीतले काही आज महिन्याला देणाऱ्यांत आहेत.

वही

संगणकात सगळं ठेवाच, एक्सेलमध्ये ठेवा, टॅलीशी जुळवा. पण एक हाताची वहीही ठेवा, घरटी एक पान. कधी गेलो, कोण भेटलं, काय विचारलं, काय सांगायचं राहिलं. रक्कम कोपऱ्यात बारीक.

नोकरी सोडाल तेव्हा ही वही ऑफिसात ठेवून निघून जाऊ नका. नव्या माणसाला घेऊन पहिल्या वीस घरांत जा आणि ओळख करून द्या. नाही तर देणगीदार तुमचे होते, संस्थेचे झालेच नाहीत. मी आता त्याच कामाला लागले आहे. आमची नवी मुलगी हलग्याची, बायपासात घरची जमीन गेलेली, त्यामुळे काम तिला सांगावं लागत नाही, मागायची मात्र लाज वाटते. परवा तिला शहापूरच्या गुरुजींकडे घेऊन गेले. वाटेत तिनं त्यांचं पान वाचलं: मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मोडी आता भिंगातून वाचतात, मार्चमध्ये फोन नको, नातीचं लग्न ठरलं होतं ते विचारणं, चहात साखर नको म्हणतात पण काकी घालतात, काही बोलू नये.